उन्हाळ्यातलं थंड सी-फूड पास्ता सॅलड: कसं करायचं आणि मांडव्याच्या सहलीला न्यायचं तर काय सांभाळायचं?

एप्रिल-मे आला की मुंबई-पुण्याकडची मंडळी शनिवार-रविवार गाठून मांडवा, किहीम, आवास, अलिबागकडे निघतात. दुपारच्या उन्हात गरम रस्सा-भात नको वाटतो. अशा वेळी मोबाईलवर पाहिलेलं एक वाडगं आठवतं: थंडगार पास्ता, त्यात गुलाबी कोळंबी, माकुलाच्या पांढऱ्या चकत्या, काकडी, कांदा आणि वरून लिंबू. हेच ते सी-फूड पास्ता सॅलड.

पदार्थ अवघड नाही. तासाभराचं काम आणि मग फ्रिज. पण आपल्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकापेक्षा तो एका बाबतीत अगदी वेगळा आहे. आपलं कालवण चुलीवरून थेट ताटात येतं. तळलेली तुकडी तव्यावरून उतरली की संपते. रात्रीचं कालवण उरलं तर सकाळी पुन्हा खळखळून उकळतात. म्हणजे खाण्याआधी शेवटचा हात आगीचा असतो. थंड सॅलडमध्ये कोळंबी एकदाच शिजते आणि त्यानंतर काही तासांनी थेट तोंडात जाते. मधल्या वेळेत काही बिघडलं, तर ते सुधारायला आग पुन्हा येत नाही. ते काम फक्त थंडाव्याला करावं लागतं.

म्हणून या लेखात कृती तर आहेच, पण त्याबरोबर खरेदी, बर्फ, प्रवास आणि वेळेचा हिशेबही आहे.

हा पदार्थ मुळात कुठला?

इटलीत उन्हाळ्यात थंड पास्ता खाण्याची पद्धत आहे. सकाळी करून ठेवायचा, डब्यात भरायचा आणि समुद्रावर न्यायचा. तिथे उकडलेल्या सागरी मासळीचं थंड सॅलडही आवडीने खातात. या दोन्हींचा मेळ म्हणजे आपला आजचा पदार्थ.

वाळवलेला पास्ता डुरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्यापासून होतो. इटलीत १९६७ च्या कायद्याने हे बंधनकारकच केलं आहे. डुरम गहू आपल्यालाही परका नाही. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच गटातला. या गव्हामुळे पास्ता शिजल्यावरही आकार धरून राहतो. मैद्याचा स्वस्त पास्ता थंड झाल्यावर चिकट गोळा होतो, म्हणून पाकिटावर ‘डुरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं आहे ना, हे पाहून घ्या.

धोका नेमका कशात आहे?

शिजवलेल्या अन्नात जीवाणू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणूंची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. या वेगाने एका जीवाणूचे दोन तासांत ६४ आणि चार तासांत ४ हजार ९६ होतात.

या सॅलडमध्ये चार गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं:

- पास्ता. पास्ता आणि भातात ‘बॅसिलस सिरिअस’ नावाचा जीवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजवलेला पास्ता तासन् तास बाहेर राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. उलटी घडवणारं हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. सोशल मीडियावर ‘फ्राईड राईस सिंड्रोम’ म्हणून जे फिरतं, ते हेच. बेल्जियममध्ये २००८ साली पाच दिवस बाहेर राहिलेलं स्पॅगेटी खाऊन २० वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला होता. असं क्वचित होतं, पण पास्ता ‘कोरडा आणि निरुपद्रवी’ नसतो हे त्यातून कळतं.
- कोळंबी, माकूल, शिंपले. कोमट समुद्राच्या पाण्यात ‘व्हिब्रिओ’ गटातले जीवाणू असतात. नीट शिजवल्यावर ते मरतात. मात्र कच्च्या मासळीचं पाणी, पाटी किंवा सुरी शिजलेल्या मासळीला लागली, तर ते परत येतात.
- आपले हात. त्वचेवर आणि नाकात राहणारा ‘स्टॅफिलोकॉकस’ शिजलेली कोळंबी हाताने सोलताना किंवा कालवताना अन्नात उतरतो. त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही.
- बांगडा, कुपा, सुरमई. हे मासे उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामाईन तयार होतं. ते शिजवल्याने जात नाही आणि दरवेळी वासावरून कळतही नाही. थंड सॅलडसाठी म्हणून कोळंबी आणि माकूल बरे.

यावरचा जगभर सांगितला जाणारा नियम सोपा आहे. शिजलेलं नाशवंत अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एकच तास. एप्रिल-मेच्या दुपारी मांडव्याच्या किनाऱ्यावर पारा त्याच्या पुढे सहज जातो. म्हणजे आपल्यासाठी एक तास हाच हिशेब.

मासळी घेताना काय बघायचं?

मांडव्याच्या आसपास रेवस, बोडणी, थळ, नवगाव, वरसोली ही मच्छीमारांची गावं आहेत. शिवाय अलिबागचा बाजार आहेच. पण बंदराजवळ घेतली म्हणजे मासळी आजचीच, असं गृहीत धरू नका. मोठ्या बोटी काही दिवस समुद्रात राहतात आणि मासळी बर्फात ठेवून आणतात. नीट बर्फात राहिलेली दोन दिवसांची कोळंबी ही सकाळपासून उन्हात पडलेल्या ‘ताज्या’ कोळंबीपेक्षा कधीही चांगली. म्हणून विचारायचा प्रश्न ‘मावशी, आजची आहे का?’ एवढाच नको. वाटा बर्फावर आहे की नुसता पाटीत, तेही बघा.

- कोळंबीचं डोकं घट्ट हवं. कवच चकचकीत हवं. अमोनियासारखा नाकात जाणारा वास आला तर घेऊ नका.
- माकुलाचं मांस शुभ्र हवं. आतून गुलाबी पडू लागलेलं माकूल शिळं असतं.
- तिसऱ्या घालायच्या असतील तर जिवंतच घ्या. उघडी तिसरी टिचकी मारल्यावर मिटली नाही तर ती टाका. वाफवल्यावर जी उघडत नाही, तीही टाका.

खरेदी सगळ्यात शेवटी करा आणि बर्फाचा डबा घरूनच घेऊन जा. मासळीची पिशवी गाडीच्या डिकीत टाकून तासभर किनाऱ्यावर फिरणं टाळा. बंद गाडी उन्हात बघता बघता तापते.

साहित्य (चार जणांसाठी)

- पास्ता २५० ग्रॅम. फुसिली किंवा पेने घ्या, त्यांच्या खाचांत मसाला धरून राहतो
- सोललेली, काळा दोरा काढलेली मध्यम कोळंबी ३०० ग्रॅम. कवचासकट घेत असाल तर अर्धा किलो लागते
- साफ केलेलं माकूल २०० ग्रॅम, बोटाएवढ्या रुंद चकत्या करून
- अलिबागचा पांढरा कांदा १, पातळ चिरून
- काकडी १, बिया काढून
- अर्धी कैरी, बारीक तुकडे करून
- कोथिंबीर मूठभर, हिरवी मिरची १
- वरचा मसाला: तेल ४ मोठे चमचे, लिंबाचा रस २ मोठे चमचे, कोकमाचं आगळ १ मोठा चमचा, ठेचलेली लसूण १ पाकळी, मिरपूड

पांढऱ्या कांद्याचं नाव उगाच घेतलेलं नाही. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा तिखट कमी आणि गोडसर असतो. कच्चा खाल्ला तरी मासळीच्या चवीवर चढत नाही. उन्हाळ्यात अलिबागच्या रस्त्यांवर त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात.

आगळ खारट असतं, म्हणून मीठ शेवटी चव बघूनच घाला. नुसतं ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गोठून पांढरं पडतं. ते निम्मं आणि सूर्यफुलाचं निम्मं घेतलं तर मसाला पातळ राहतो.

मेयोनीज हवंच असेल तर बाजारातलं बंद बाटलीतलं घ्या आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. घरी कच्च्या अंड्याचं करू नका. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये बंदी घातली होती, ती विषबाधेच्या भीतीनेच. घट्ट बांधलेला थंड चक्का हा त्याला चांगला पर्याय आहे.

कृती

१. आधी पाणी थंड करा. उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं दोन-तीन लिटर पाणी फ्रिजमध्ये ठेवा. त्याच पाण्याचा बर्फही लावा. पास्ता आणि कोळंबी याच पाण्याने थंड करायची आहे. बंगल्यावरच्या टँकरच्या किंवा विहिरीच्या पाण्याने शिजलेला पास्ता धुतला, तर शिजवून मिळवलेलं सगळं गेलं.

२. पास्ता. अडीच लिटर पाणी खळखळून उकळा. लिटरमागे साधारण १० ग्रॅम मीठ घाला. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त शिजवा. गरम पास्ता दाताखाली किंचित कडक लागावा असं म्हणतात, पण थंड झाल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. म्हणून सॅलडसाठी थोडा मऊच बरा.

३. लगेच थंड करा. पास्ता चाळणीत निथळा आणि बर्फाच्या पाण्यातून काढा. गरम पास्ता असा धुतला तर रस चिकटत नाही, पण सॅलडमध्ये वरचा चिकटपणा जायलाच हवा. पूर्ण निथळल्यावर चमचाभर तेल चोळा, पसरट ताटात एका थरात पसरा, झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा.

४. कोळंबी. दुसऱ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळा. कोळंबी घालून दोन ते तीन मिनिटं ठेवा. सगळा पारदर्शकपणा जाऊन ती मधोमधही पांढरी-गुलाबी झाली की झाली. अर्धगोल वळली तर बरोबर. शेपूट डोक्याकडच्या टोकाला चिकटून पूर्ण गोल झाली तर ती जास्त शिजून वातड झाली. झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात टाका, दोन मिनिटांत निथळा आणि स्वच्छ कापडावर कोरडी करा.

५. माकूल. त्याच उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट. माकुलाचे दोनच मार्ग आहेत: अगदी थोडा वेळ, नाहीतर अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त. मधे कुठेही थांबलात तर रबर चावल्यासारखं लागतं. हेही बर्फाच्या पाण्यात थंड करून कोरडं करा.

६. सगळं वेगवेगळं थंड होऊ द्या. कोळंबी, पास्ता, भाज्या आणि मसाला वेगळ्या झाकलेल्या डब्यांत किमान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. थंड वस्तू थंड वस्तूतच मिसळायची. कोमट पास्त्यात थंड कोळंबी घातली तर सगळंच कोमट होतं.

७. खाण्याआधी कालवा. हात नको, चमचा घ्या. कोथिंबीर आणि कैरी शेवटी. आंबट मसाला कोळंबीवर फार वेळ राहिला तर मांस भुसभुशीत होतं, म्हणूनही मसाला आधी घालायचा नाही.

कच्च्या मासळीची पाटी, सुरी आणि ओटा साबणाने धुतल्याशिवाय काकडी-कांदा चिरायला घेऊ नका. शक्य असेल तर भाज्या मासळीच्या आधीच चिरून ठेवा.

बर्फ: खायचा कोणता, मासळीचा कोणता?

मासळी ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम लागू केला, तो हा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून. निळसर बर्फ म्हणजे खाण्यासाठी नसलेला. पण बर्फ पांढरा दिसला म्हणून तो सुरक्षितच, असा उलटा अर्थ काढू नका.

घरचा उपाय सोपा आहे. आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवा. डब्यात त्या बर्फाचं काम करतात आणि वितळल्यावर प्यायला गार पाणी मिळतं. मासळीच्या डब्यातला बर्फ मात्र सरबतात घालू नका आणि सॅलडच्या डब्यालाही त्याचा स्पर्श होऊ देऊ नका.

प्रवासात वेळेचा हिशेब

मांडव्याला जायचे प्रमुख रस्ते तीन. गेटवे ऑफ इंडियावरून लाँच आणि कॅटामरान, भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून सुरू झालेली गाड्या नेणारी रो-रो बोट, नाहीतर पेण-वडखळमार्गे शंभरेक किलोमीटरचा रस्ता. रो-रोचा प्रवास साधारण तासाभराचा आहे. पण हिशेब फक्त बोटीचा करून चालत नाही.

समजा घरातून निघायला आणि धक्क्यावर पोहोचायला एक तास, गाड्यांच्या रांगेत अर्धा तास, बोटीत एक तास, मांडव्याहून मुक्कामाला अर्धा तास. झाले तीन तास, तेही वडखळचा ट्रॅफिक न लागता. नुसत्या पिशवीतल्या डब्यासाठी ही मर्यादा कधीच ओलांडलेली आहे. म्हणून:

- सॅलड न्यायचं तर जाड थर्मोकोल किंवा आईसबॉक्समध्येच. डब्याच्या खाली, बाजूंना आणि वर गोठलेल्या बाटल्या हव्यात.
- डबे आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये असू द्या. आईसबॉक्स थंडावा टिकवतो, गरम वस्तू थंड करणं त्याच्या आवाक्यातलं नाही.
- थंड पेयांसाठी वेगळी पेटी ठेवा. एकच पेटी दर दहा मिनिटांनी उघडली की सॅलडचं तापमान वाढतं.
- पेटी डिकीत नको, गाडीच्या आत सावलीत ठेवा.
- पोहोचल्यावर बाटल्यांत अजून बर्फ शिल्लक आहे आणि डबा हाताला गारठलेला लागतोय, तरच तो फ्रिजमध्ये ठेवा. सगळं पाणी झालं असेल आणि डबा कोमट असेल तर सॅलड टाकून द्या.

मुक्कामी फ्रिज आणि गॅस असेल तर याहून सोपं म्हणजे कोरडा पास्ता आणि मसाला घेऊन जायचा, कोळंबी तिथे घ्यायची आणि तिथेच करायची. त्यात जोखीम कमी आणि मासळी चांगली. वीज जाण्याची सवय असलेल्या भागात फ्रिज किती थंड आहे हे आधी बघा. आत तापमान ५ अंशांच्या खाली हवं.

वाढताना मोठं वाडगं मध्ये न ठेवता थोडं थोडं काढा आणि बाकीचं फ्रिजमध्येच राहू द्या. टेबलावर तासभर राहिलेलं उरलंसुरलं परत डब्यात घालू नका. फ्रिजमध्ये नीट राहिलेलं सॅलड त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा.

सोशल मीडियावरचे चार गैरसमज

‘लिंबाच्या रसात कोळंबी शिजते.’ रंग बदलतो, मांस घट्ट होतं, पण जीवाणू मरतीलच असं नाही. लिंबू आणि आगळ चवीसाठी. शिजवायला उकळतं पाणीच लागतं.

‘वास येत नाही, म्हणजे चांगलं आहे.’ वास आणणारे आणि आजारी पाडणारे जीवाणू बहुतेक वेळा वेगळे असतात.

‘शंका आली तर एकदा गरम करून घ्या.’ जीवाणू मरतील, पण बॅसिलस आणि स्टॅफिलोकॉकसचं तयार झालेलं विष आणि हिस्टामाईन तसंच राहील.

‘गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये, ओट्यावर गार होऊ द्यावा.’ मोठं वाफाळतं पातेलं ठेवू नका हे खरं. पण पसरट ताटातला, पाण्याने थंड केलेला पास्ता लगेच ठेवलेलाच चांगला.

त्रास झाला तर?

खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा कारण तयार विषाचं असतं. व्हिब्रिओमुळे जुलाब आणि पोटदुखी साधारण दिवसभरात सुरू होते. बांगडा-कुप्यासारख्या माशानंतर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणं, अंग खाजणं, धडधडणं ही हिस्टामाईनची लक्षणं असू शकतात.

थोडं थोडं ओआरएसचं पाणी घेत राहा. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं, पाणीही पोटात न टिकणं यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरकडे जा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसं आणि यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी वाट बघू नये.

कोळंबीची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. ती कोळंबीतल्या प्रथिनामुळे होते आणि शिजवूनही जात नाही. ओठ-घसा सुजला किंवा श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना गाठा. पाहुण्यांना सॅलडमध्ये काय काय आहे हे वाढण्याआधी सांगा. थंड, मसाल्यात मिसळलेल्या पास्त्यात बारीक कोळंबी चटकन दिसत नाही.

१ जूननंतर काय?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा हा प्रजननाचा काळ असतो. गेटवेवरच्या लाँचही पावसाळ्यात बंद होतात. या दिवसांत ‘आत्ताच समुद्रातून आली’ असं कोणी मोठ्या कोळंबीबद्दल सांगितलं तर दोनदा विचार करा.

तेव्हा तळ्यातली वेनामी कोळंबी किंवा गोठवलेलं पाकीट वापरता येतं. वेनामीच्या शेतीला भारतात २००९ पासून परवानगी आहे आणि ती वर्षभर मिळते. गोठवलेली कोळंबी ओट्यावर वितळवू नका. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तिचं पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही. एकदा वितळली की पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी शिजवा. पुढची कृती वर दिली आहे तीच.